क्लिनिकल रिसर्चचा सर्टिफिकेट कोर्स: विषय सहा, प्रश्न एक

रुग्ण तपासता येतात, पेपर वाचता येतात, पण स्वतःचा अभ्यास उभा करायची वेळ आली की कुठून सुरुवात करावी ते सुचत नाही. अशा डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, फार्मासिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट मंडळींसाठी क्लिनिकल रिसर्चचे पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्स असतात. नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या किंवा ऑनलाइन वर्गांतून, साधारण एक-दोन वर्षांत ते पुरे होतात. साथरोगशास्त्र, बायोस्टॅटिस्टिक्स, अभ्यासाची रचना, संशोधनातली नीती, डेटा सांभाळणं आणि शेवटी प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा) किंवा अनुदानाचा प्रस्ताव लिहिणं असे त्यात विषय असतात.

हे विषय वेगवेगळे शिक्षक शिकवतात, वेगवेगळी पुस्तकं लावतात, वेगवेगळ्या परीक्षा घेतात. त्यामुळे विद्यार्थीही ते वेगवेगळेच पास करतो आणि शेवटच्या सत्रात प्रोटोकॉल लिहायला बसतो तेव्हा पुन्हा शून्यातून सुरुवात होते. माझं म्हणणं एवढंच आहे: पहिल्या वर्गाआधी स्वतःचा एक प्रश्न निवडा आणि प्रत्येक विषयाची प्रत्येक असाइनमेंट त्याच प्रश्नावर करा. शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत. शेवटी हातात सर्टिफिकेटबरोबर एथिक्स कमिटीकडे (संशोधन नीतीला धरून आहे ना हे तपासणाऱ्या समितीकडे) पाठवता येईल असा प्रोटोकॉल पडला, तर पैसे आणि रात्री सार्थकी लागल्या.

पायरी १: नाव घालण्याआधी अभ्यासक्रम उलटसुलट वाचा

क्लिनिकल रिसर्च या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात. एक कोर्स ट्रायल, म्हणजे रुग्णांवरच्या उपचारांच्या चाचण्या, चालवणारी माणसं घडवतो: कोऑर्डिनेटर, मॉनिटर, कागदपत्रं आणि नियम सांभाळणारे. दुसरा संशोधक घडवतो, म्हणजे प्रश्न कसा विचारायचा, रचना कशी निवडायची, आकडे कसे वाचायचे हे शिकवतो. दोन्ही कामं महत्त्वाची आहेत, पण एकासाठी जाऊन दुसऱ्यात अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. बायोस्टॅटिस्टिक्सला पूर्ण सत्र दिलं आहे का आणि शेवटी स्वतःचा प्रोटोकॉल लिहावा लागतो का, एवढ्या दोन गोष्टींवरून कोर्स कोणत्या जातीचा आहे ते कळतं. इथून पुढचं सगळं दुसऱ्या जातीबद्दल आहे.

क्रेडिटचं गणितही आधीच मांडा. अमेरिकी पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास वर्ग आणि त्यावर सुमारे दोन तास घरचं काम. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे आठवड्याला नऊ तास. असे दोन विषय एका सत्रात घेतले की अठरा तास, आणि तेही ओपीडी, ड्युट्या आणि घर सांभाळून. बायोस्टॅटिस्टिक्सच्या सत्रात दुसरा जड विषय घेऊच नका. पुढे मास्टर्स करायचा विचार असेल, तर इथले क्रेडिट तिथे धरले जातात का हे लेखी विचारून घ्या.

पायरी २: प्रश्न

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं राहणार आहे. ‘हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची काळजी कशी सुधारता येईल?’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न होण्यासाठी चार गोष्टी ठरायला हव्यात: कोणते रुग्ण, त्यांना काय द्यायचं, कशाशी तुलना करायची आणि कोणता परिणाम मोजायचा. या चौकटीला पिको म्हणतात. तिच्यात बसवल्यावर तोच विषय असा दिसतो: हार्ट फेल्युअरसाठी दाखल होऊन घरी गेलेल्या प्रौढ रुग्णांना सातव्या दिवशी नर्सने फोन केला, तर फोन न केलेल्यांच्या तुलनेत तीस दिवसांत पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण कमी होतं का?

हाच प्रश्न मी शेवटपर्यंत वापरणार आहे. तुमचा वेगळा असेल, पण खाचखळगे तेच असतील.

पहिला खळगा परिणामाच्या व्याख्येत आहे. तीस दिवसांत रुग्ण दगावला, तर तो पुन्हा दाखल होणार नाही आणि तुमच्या तक्त्यात ‘दाखल नाही’ असा दिसेल. म्हणजे मृत्यू वाढवणारा उपचारही या मोजणीत चांगला ठरू शकतो. म्हणून परिणाम ‘पुन्हा दाखल होणं किंवा मृत्यू’ असा धरायचा. बरं, दाखल होणं म्हणजे फक्त तुमच्याच रुग्णालयात की कुठेही? कुठेही असेल, तर ते तुम्हाला कळणार कसं? हे प्रश्न पहिल्याच महिन्यात वहीत उतरले पाहिजेत.

दुसरा खळगा रुग्णसंख्येचा. विभागाचं रजिस्टर उघडा आणि गेल्या वर्षी असे किती रुग्ण घरी गेले ते मोजा. अंदाज करू नका, मोजा. ‘आमच्याकडे खूप केसेस असतात’ असं सगळ्यांनाच वाटतं, आणि वय, पत्ता, फोन, संमती असे निकष लावत गेलं की त्यातले थोडेच उरतात. समजा, महिन्याला पंधरा उरले. हा आकडा लिहून ठेवा, चौथ्या पायरीला तो लागणार आहे.

प्रश्न करता येण्याजोगा आहे का, त्याचं उत्तर कुणाला हवं आहे का, ते आधीच मिळालेलं नाही ना, आणि तो नीतीला धरून आहे का, हे गाइडबरोबर बसून तपासा. आधीचं वाङ्मय शोधायला ग्रंथपालाची मदत घ्या. वैद्यकीय ग्रंथपाल तासाभरात जे शोधून देतात, त्याला आपल्याला आठवडा लागतो, तरी त्यांच्याकडे फार कमी विद्यार्थी जातात.

पायरी ३: साथरोगशास्त्र आणि रचना

या विषयात कोहॉर्ट, केस-कंट्रोल, क्रॉस-सेक्शनल, रँडमाइज्ड ट्रायल या अभ्यासाच्या रचनांच्या व्याख्या पाठ करून पास होता येतं. ते टाळा. त्याऐवजी एक सवय लावून घ्या: कोणताही पेपर वाचताना कागदावर आडवी काळरेषा काढा. रुग्ण अभ्यासात कधी आला, उपचार कधी मिळाला, मोजणी कुठून सुरू झाली, परिणाम कधी पाहिला. निम्म्याहून जास्त चुका या रेषेवरच दिसतात.

आपलंच उदाहरण घ्या. ट्रायलच्या भानगडीत न पडता जुन्या नोंदींवरून पाहू म्हटलं, की कुणाला फोन झाला होता, कुणाला नाही आणि कोण परत दाखल झालं. काळरेषा काढा. फोन सातव्या दिवशी होतो. म्हणजे फोन मिळालेला प्रत्येक रुग्ण पहिले सात दिवस जिवंत आणि घरीच होता. जो चौथ्या दिवशी परत आला त्याला फोन होणंच शक्य नव्हतं, आणि तो आपोआप ‘फोन नाही’ गटात गेला. फोनचा काडीचाही उपयोग नसला, तरी तो गुणकारी दिसेल. याला इमॉर्टल टाइम बायस म्हणतात. नामांकित जर्नलमधल्या पेपरांतही तो सापडतो. त्यावर पुन्हा कन्फाउंडिंग, म्हणजे तिसऱ्याच गोष्टीचा परिणाम मिसळणं, आहेच: फोन उचलणाऱ्याच्या घरी बहुधा माणसं असतात, औषधं वेळेवर दिली जातात. फायदा फोनचा की घरच्यांचा?

या गोष्टीची किंमत किती मोठी असू शकते हे हार्मोन थेरपीने दाखवलं. पाळी गेलेल्या ज्या स्त्रिया हार्मोन घेत होत्या त्यांना हृदयविकार कमी होतो, असं अनेक निरीक्षणात्मक अभ्यास सांगत होते. मग ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मध्ये १६,६०८ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं, आणि २००२मध्ये इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. हृदयविकार कमी तर झाला नव्हताच, उलट थोडा वाढलेला होता. आधीच्या अभ्यासांत हार्मोन घेणाऱ्या स्त्रिया मुळातच जास्त सुस्थितीत आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या, हे त्या विसंगतीचं एक मोठं कारण.

दुसरी गोष्ट रचनेच्या वर्गात हमखास येते, ती ‘कास्ट’ ट्रायलची. हार्ट अटॅकनंतर जादा ठोके पडणाऱ्यांत मृत्यू जास्त असतात, म्हणून ठोके दाबणारी औषधं दिली की मृत्यू कमी होतील, हा तर्क सगळ्यांना पटलेला होता. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ठोके दाबतही होती. प्रत्यक्षात औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले आणि प्लासिबोवरच्या (औषध नसलेल्या गोळीवरच्या) ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारला, माणसं गेली. तुमच्या अभ्यासात सोयीचा म्हणून एखादा लॅबचा आकडा परिणाम म्हणून निवडताना हे आठवा.

या विषयाची असाइनमेंट म्हणून तुमच्या प्रश्नासाठी तीन वेगवेगळ्या रचना प्रत्येकी अर्ध्या पानात लिहा आणि प्रत्येकीत काय फसू शकतं तेही लिहा. पुढे प्रोटोकॉलच्या ‘रचना’ विभागाचं निम्मं काम इथेच झालेलं असतं.

पायरी ४: बायोस्टॅटिस्टिक्स

बहुतेकांना धडकी भरते ती इथे. शाळेतलं गणित आठवत नाही म्हणून घाबरू नका, त्याची फारशी गरज पडत नाही. गरज असते ती प्रत्येक वेळी तीन गोष्टी विचारण्याची: परिणाम कोणत्या प्रकारचा आहे (हो-नाही, आकडा, की घटनेपर्यंतचा काळ), गट किती आहेत, आणि एकाच माणसाची मोजमापं पुन्हा पुन्हा घेतली आहेत का. कोणती चाचणी लावायची हे बहुतांश यावरूनच ठरतं.

साधी उदाहरणं एकदा हाताने सोडवा. समजा, फोनच्या गटात १० टक्के परत आले आणि दुसऱ्या गटात २० टक्के. रिस्क रेशो ०.५, म्हणजे धोका निम्मा. फरक १० टक्के गुणांचा, म्हणजे दहा जणांना फोन केले की एकाचं परत येणं टळतं. ऑड्स रेशो (परत आलेले विरुद्ध न आलेले, या प्रमाणांची तुलना) काढला, तर १०ला ९० भागिले २०ला ८०, उत्तर ०.४४. आता कुणी हा ०.४४ पाहून ‘धोका ५६ टक्क्यांनी घटला’ असं लिहिलं, तर ते चूक आहे, धोका ५० टक्क्यांनीच घटला. परिणाम दुर्मीळ असला की दोन्ही रेशो जवळ येतात, वारंवार घडणारा असला की लांब जातात. हो-नाही परिणामांसाठी वापरतात ते लॉजिस्टिक रिग्रेशन ऑड्स रेशोच देतं, त्यामुळे हा गोंधळ छापील पेपरातही भेटतो.

आता सॅम्पल साइज, म्हणजे किती रुग्ण लागतील ते. २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येईल अशी अपेक्षा, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फा (फरक नसतानाही तो दिसण्याची शक्यता) धरला, तर प्रत्येक गटात साधारण २०० रुग्ण लागतात, म्हणजे एकूण ४००. दुसऱ्या पायरीतला आकडा काढा: महिन्याला पंधरा. नुसती भरती व्हायला सव्वादोन वर्षं. आता मनाशी खरं बोला. एका फोनने परत येणाऱ्यांची संख्या निम्म्यावर येईल, असं तुम्हाला खरंच वाटतं? २० वरून १५ टक्के ही जास्त समंजस अपेक्षा आहे, आणि तिला प्रत्येक गटात सुमारे ९०० लागतात. फरक निम्मा केला की रुग्ण चौपटीहून जास्त. एकूण १८००, म्हणजे दहा वर्षं.

इथे पुष्कळ विद्यार्थी अपेक्षित फरक फुगवून आकडा जमवतात. अनुभवी परीक्षकाला ते एका नजरेत दिसतं. प्रामाणिक वाटा वेगळ्या आहेत: आणखी केंद्रं जोडून घ्या, परत येण्याचा धोका जास्त असलेलेच रुग्ण निवडा, किंवा हा अभ्यास परिणामकारकतेचा नसून ‘असा ट्रायल करता येईल का’ हे पाहणारा पायलट आहे असं सरळ लिहा. सर्टिफिकेटच्या मुदतीत तिसरी वाट बहुतेकांसाठी योग्य असते, आणि तिच्यात कमीपणा काहीच नाही.

पी-व्हॅल्यूबद्दल (खरा फरक नसता, तरी योगायोगाने निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता) वर्गात भरपूर सांगतील. मी एवढंच म्हणेन की आधी कॉन्फिडन्स इंटरव्हल वाचायची सवय लावा: परिणाम किती मोठा किंवा किती लहान असण्याची शक्यता आकड्यांत उरते, ते तिथे दिसतं. आणि उपगटांपासून सावध राहा. १९८८च्या ‘आयसिस-२’ ट्रायलमध्ये १७,१८७ रुग्णांत हार्ट अटॅकमध्ये ॲस्पिरिनचा फायदा स्पष्ट दिसला होता. संशोधकांनी मुद्दाम जन्मराशीनुसार उपगट पाडून दाखवले, तर मिथुन आणि तूळ राशीवाल्यांत ॲस्पिरिन किंचित अपायकारक निघालं! डेटा पुरेसा कापला की त्यातून काहीही निघतं, हे याहून चांगलं कुणी दाखवलेलं नाही.

सॉफ्टवेअर कोणतं? कोर्स सॅस किंवा स्टाटा शिकवत असेल तर तेच शिका. निवड तुमच्या हातात असेल तर ‘आर’ घ्या, ते फुकट आहे आणि कोर्स संपल्यावर लायसन्सही संपत नाही. काहीही घेतलंत तरी मेनूवर क्लिक करत बसू नका. कोड लिहून फाइल जपा. सहा महिन्यांनी ‘हा आकडा कुठून आला?’ असं कुणी विचारलं, की उत्तर त्या फाइलमध्येच असतं.

पायरी ५: नीती आणि नियम

न्यूरेंबर्ग संहिता १९४७, हेलसिंकी जाहीरनामा १९६४, बेलमाँट अहवाल १९७९: माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीचे हे दस्तऐवज. या सालांमागे माणसं आहेत. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना खरं निदान न सांगता नुसतं ‘पाहत’ ठेवलं गेलं, पेनिसिलिन मिळू लागल्यानंतरही. बेलमाँट अहवालाची तीन तत्त्वं, म्हणजे व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय, त्या पार्श्वभूमीवर वाचली की पाठ करावी लागत नाहीत. हेलसिंकी जाहीरनामा २०२४मध्ये आणि आयसीएच-जीसीपी (ट्रायल नीट चालवण्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) २०२५मध्ये सुधारला गेला आहे. कोर्सच्या नोट्स जुन्या असल्या, तर नवा मजकूर स्वतः काढून वाचा. जीसीपीचं ऑनलाइन मॉड्यूल काही तासांत क्लिक करत संपवता येतं, आणि बहुतेकजण तसंच संपवतात.

असाइनमेंट पुन्हा आपल्याच प्रश्नावर. निरुपद्रवी वाटणाऱ्या फोनमध्ये नीतीचे प्रश्न किती, ते मोजा. फोन घरातल्या दुसऱ्याने उचलला, तर आजाराबद्दल काय बोलायचं? बोलता बोलता रुग्ण म्हणाला, धाप लागते आहे, तर नर्सने काय करायचं, आणि रात्री आठ वाजता कुणाला कळवायचं? फोन न मिळणाऱ्या गटाला नेहमीची काळजी पूर्ण मिळते आहे ना? या प्रत्येकाचं उत्तर प्रोटोकॉलमध्ये लागतं, आणि एथिक्स कमिटी नेमकं हेच विचारते.

संमतीपत्राचा पहिला खर्डा वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. जिथे ती व्यक्ती अडखळेल, तिथे खूण करा. मग तिला विचारा: ‘यात तुमचा फायदा काय?’ ‘माझ्यावर जास्त चांगले उपचार होतील’ असं उत्तर आलं, तर पत्र फसलं आहे. संशोधनालाच उपचार समजण्याचा हा गैरसमज फार सर्रास होतो, आणि तो दूर करायची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे.

पायरी ६: डेटा

हा विषय कंटाळवाणा म्हणून लोक अंग काढून घेतात. थोडक्यात सांगतो. आधी डेटा डिक्शनरी बनवा: प्रत्येक रकान्याचं नाव, अर्थ, एकक, चालणाऱ्या किमती. तारखा एकाच पद्धतीत. माहिती नसेल तिथे ९९ भरू नका, नाहीतर एखाद्या दिवशी ते वयाच्या सरासरीत मिसळेल. नाव-फोन एका फाइलमध्ये, आजाराची माहिती दुसऱ्या फाइलमध्ये, मध्ये फक्त कोड नंबर. संस्थेकडे रेडकॅप (संशोधनाचा डेटा भरायचं सॉफ्टवेअर) असेल तर स्प्रेडशीटचा नाद सोडा, कारण कुणी काय कधी बदललं याची नोंद रेडकॅप आपोआप ठेवतं. आणि खरी भरती सुरू होण्याआधी पाच खोटे रुग्ण भरून पाहा. फॉर्ममधल्या गफलती तिथेच उघड्या पडतात.

पायरी ७: प्रोटोकॉल

आधीच्या पायऱ्या आपल्याच प्रश्नावर केल्या असतील, तर इथे नव्याने लिहायचं फार उरत नाही, सांधायचं असतं. ट्रायलचा प्रोटोकॉल असेल तर ‘स्पिरिट’ची (प्रोटोकॉलमध्ये काय काय हवं याची) यादी समोर ठेवा, ती २०२५मध्ये सुधारली आहे. निरीक्षणात्मक अभ्यासाला ‘स्ट्रोब’ ही यादी अहवाल लिहिण्यासाठी असली, तरी आधीपासून वाचलेली बरी.

प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका. प्रस्तावना लिहायला सोपी असते, म्हणून तिची आठ पानं होतात आणि रचना अर्ध्या पानात उरकली जाते. आधी मुख्य परिणाम एका वाक्यात लिहा. मग रिकामे तक्ते काढा, आकड्यांविना, नुसते रकाने आणि ओळी, पुढे पेपरात छापले जातील तसे. तक्ता काढता येत नसेल, तर प्रश्न अजून कच्चा आहे. तक्ते जमले की कोणता डेटा लागणार आणि कोणता नको हे उघड होतं, आणि फॉर्ममधले निम्मे रकाने गळून पडतात. मग विश्लेषण, मग रचना, मग नीती, आणि सगळ्यात शेवटी प्रस्तावना आणि शीर्षक.

संख्याशास्त्रज्ञाला या पायरीच्या आत भेटलेले असा. डेटा गोळा झाल्यावर त्याच्याकडे जाणारे लोक पाहिले की त्याचा चेहरा पाहवत नाही. गाइड दोन असतील तर उत्तम: एक विषयातला, एक पद्धतीतला. त्यांना ‘माझा प्रोटोकॉल बघाल का?’ अशी वीस पानांची मेल पाठवू नका. एक पान आणि एकच नेमका प्रश्न पाठवा, उत्तर लवकर येतं.

ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सार्वजनिक नोंदवहीत तिची नोंद करा. मोठ्या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी ही अट २००५पासून लावली आहे. नोंद करायची राहून गेली, तर पेपर चांगला असूनही परत येतो, आणि मागाहून केलेली नोंद त्याला वाचवत नाही.

पायरी ८: कोर्स संपायच्या आत पायलट

शेवटच्या सत्राची वाट न पाहता प्रोटोकॉल एथिक्स कमिटीकडे द्या. कमिटीचे शेरे यायला वेळ लागतो, आणि ते आले की वर्गात त्यांच्यावर चर्चा करता येते. मंजुरी आली की वीस रुग्णांचा पायलट करा, आणि त्यातून काय मोजायचं ते आधी लिहून ठेवा: विचारल्यावर किती जणांनी संमती दिली, किती फोन नंबर चुकीचे निघाले, सातव्या दिवशी किती जणांनी फोन उचलला, तिसाव्या दिवशी किती जणांची माहिती हाती लागली. कोणत्या आकड्याखाली प्रोटोकॉल बदलायचा हेही आधीच ठरवा. वीसपैकी बारांहून कमी जणांनी फोन उचलला, तर सातव्या दिवसाच्या एका फोनऐवजी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी असे दोन प्रयत्न, असं त्या कागदावर तारखेसह लिहिलेलं असू द्या.